पाण्याच्या थेंबापासून हायड्रोजनपर्यंत: जस्त-पद्धतीच्या प्रकल्प नोंदी, सोलापूर

३ मे २०२४

आखणी. नमुने: हिप्परग्याचा एकरुख तलाव, सिद्धेश्वर तलाव, उजनीचे नळाचे पाणी, शहराभोवतीच्या बेसॉल्टमधल्या विहिरी आणि बोअर, पुढे पावसाळ्यात पाऊस. मोजायचे ते डेल्टा-डी, म्हणजे पाण्यातल्या ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आणि साध्या हायड्रोजनच्या गुणोत्तराचा मानक पाण्याशी असलेला फरक, हजारी भागांत (‰). हे गुणोत्तर मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर इथे नाही. इथे पाण्याचा हायड्रोजन करायचा, बंद पात्रात भरायचा आणि मोजायला बाहेर पाठवायचा.

पद्धत निवडताना चार पर्याय समोर होते. प्लॅटिनम उत्प्रेरकावर पाणी आणि हायड्रोजन वायू यांचा समतोल साधणे ही सर्वांत सोपी पद्धत. पाणी फोडावेच लागत नाही. पण समतोलातला वायू पाण्यापेक्षा सातशेहून अधिक ‰ हलका असतो आणि हा फरक दर अंश सेल्सियसला साधारण ६‰ सरकतो. म्हणजे पाण्याची टाकी अंशाच्या शंभराव्या भागांत स्थिर हवी. मे महिन्यात, दुपारी वीज जाते त्या खोलीत, हे जमणारे नाही. युरेनियमवर ८०० अंशांना उत्तम काम होते, पण युरेनियम मिळवणे आणि सांभाळणे हा वेगळाच प्रकल्प होईल. क्रोमियमला ८५० अंश आणि क्वार्ट्झ लागते. उरले जस्त: ५०० अंशांच्या आत, बोरोसिलिकेट काचेत, साध्या भट्टीवर. जस्त पाण्यातला ऑक्सिजन घेऊन जस्त ऑक्साइड होते आणि हायड्रोजन मोकळा होतो. १९८२ साली कोलमन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली.

जस्त-पद्धतीची एकच अट आहे आणि ती कठोर आहे: पात्रात गेलेले पाणी शेवटच्या कणापर्यंत फुटले पाहिजे.

७ मे

पात्रांची मापे ठरली. सुमारे २० मिलिलिटर आकारमान, लांब मान, वर टेफ्लॉनचा स्टॉपकॉक (बंद-उघड करायची तोटी). ग्रीस लावायचा काचेचा स्टॉपकॉक नको. ग्रीस पाणी शोषते आणि पुढच्या नमुन्याला परत देते.

पाणी किती? १ मायक्रोलिटर पाण्यात ५५.५ मायक्रोमोल पाणी, तेवढाच हायड्रोजन. ५ मायक्रोलिटरचे २७८ मायक्रोमोल होतात. २५ अंशांना २० मिलिलिटरमध्ये दाब साधारण ०.३४ वातावरण. सगळे पात्र ५०० अंशांना धरले तरी ०.९ च्या आत. म्हणजे तापलेले पात्रही बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाचे राहते, फुटायची भीती नाही. १० मायक्रोलिटर घातले तर दाब पावणेदोन वातावरणांपर्यंत जाईल. घालायचे नाही.

जस्त: २७८ मायक्रोमोल पाण्याला हिशेबाने १८ मिलिग्रॅम पुरते. पण दाण्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडची साल धरते आणि आतले जस्त झाकले जाते, म्हणून २५० मिलिग्रॅम. जास्त जस्ताने बिघडत नाही, कमी जस्ताने बिघडते.

१० मे

जस्ताची निवड. इथे नवख्याचा हमखास गोंधळ होतो: जितके शुद्ध जस्त तितके चांगले असे वाटते. उलट आहे. अतिशुद्ध जस्त पाण्याशी अर्धवट अभिक्रिया करते. काही सूक्ष्म अशुद्धी असलेले जस्त पूर्ण करते. त्यामुळे एका कंपनीच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. याच कारणाने जगभरच्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षे इंडियाना विद्यापीठातून तयार होऊन येणारे जस्त वापरत आल्या. आमच्याकडे बाजारातले दाणेदार जस्त आहे. त्यावर विसंबण्याआधी प्रत्येक लॉट मानक पाण्यावर तपासायचा. बाटलीवरच्या शुद्धतेच्या टक्केवारीला या कामात अर्थ नाही.

अर्धवट अभिक्रिया झाली की चूक ठरलेल्या दिशेने होते. हलका हायड्रोजन आधी सुटतो, जड मागे पाण्यात राहतो, आणि वायूचे डेल्टा-डी खऱ्यापेक्षा खाली येते. निकाल संशयास्पदपणे हलके आले तर आधी जस्ताकडे पाहावे.

दाणे चाळून अर्धा ते एक मिलिमीटरचे घेतले. विरल नायट्रिक आम्लात काही सेकंद, मग ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा, ॲसिटोनने एकदा, आणि निर्वातात सुकवणे. आम्लात जास्त वेळ ठेवले तर दाणे काळे पडतात. ते टाकून द्यावेत.

१५ मे

द्रव नायट्रोजन. जिल्ह्यात तो सर्वांत सहज मिळतो तो जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या पुरवठ्यातून. वीर्याच्या कांड्या त्यातच ठेवतात. देवार (द्रव नायट्रोजन ठेवायचे निर्वात-भिंतीचे भांडे) आमचा, नायट्रोजन त्यांचा. उन्हाळ्यात बाष्पीभवन जास्त, म्हणून भरून आणल्यापासून काम उरकेपर्यंत देवार हलवायचा नाही आणि झाकण घट्ट लावायचे नाही. वायूला वाट हवी.

सापळ्याबाबत (वाफ गोठवून अडवणारी नळी) कायमची सूचना भिंतीवर लावली आहे: सापळा द्रव नायट्रोजनमध्ये असताना व्हॅक्यूम लाइन (पंपाला जोडलेली, हवा काढलेली नळ्यांची जोडणी) हवेला उघडी ठेवायची नाही. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा, ऑक्सिजन उणे १८३ ला द्रव होतो. सापळ्यात निळसर द्रव दिसला तर तो द्रव ऑक्सिजन आहे. पंपाच्या तेलाशी गाठ पडली तर स्फोट. लाइन बंद करून तो सापळा तापू देणे धोक्याचे. वाट मोकळी ठेवून, माणसे दूर ठेवून, हळूहळू उडू द्यावा.

१८ मे

वीज गेली की रोटरी पंप थांबतो आणि आतल्या निर्वातामुळे तेल उलटे लाइनमध्ये चढते. पंप आणि लाइन यांच्यामध्ये विजेवर उघडी राहणारी, वीज जाताच आपोआप बंद होणारी झडप बसवली. इन्व्हर्टर फक्त गेज आणि भट्टीच्या नियंत्रकाला. भट्टी त्याच्यावर चालणार नाही. त्यामुळे नियम असा: भट्टीत पात्र असताना वीज गेली तर ते पात्र बाद. अर्धवट तापलेले पात्र पुन्हा तापवून वाचवण्याचा मोह होतो, पण जस्ताचा आरसा काचेवर चढून पृष्ठभाग बदललेला असतो आणि अशा पात्राच्या आकड्यावर भरवसा राहत नाही.

२४ मे

नमुने घेणे. बाटल्या एचडीपीईच्या, ५० मिलिलिटर, झाकणाच्या आत शंकूसारखी रबरी टोपी असलेल्या. तोंडापर्यंत भरायच्या, हवेचा बुडबुडा ठेवायचा नाही. आम्ल घालायचे नाही. धातूंच्या तपासणीसाठी आम्ल घालायची सवय असलेल्यांना हे मुद्दाम सांगावे लागते.

बुडबुड्याचा आणि सैल झाकणाचा हिशेब: २५ अंशांना द्रव आणि वाफ यांच्यातला ड्यूटेरियमचा फरक सुमारे ७९‰ आहे. बाटलीतले १ टक्का पाणी उडाले तर उरलेले सुमारे ०.७‰ जड होते, ५ टक्के उडाले तर ३.८‰. हा समतोलाचा हिशेब. कोरड्या हवेत त्याहून जास्त. आपली अचूकता १‰ ची आहे. म्हणजे उन्हात जीपमध्ये राहिलेली एक सैल बाटली सगळी अचूकता खाऊन टाकते. म्हणून प्रत्येक बाटली घेताना आणि काम सुरू करताना वजन करायची. वजन अर्ध्या टक्क्याहून जास्त घटले तर नमुना बाद.

बोअर: आधी विजेची वाहकता स्थिर होईपर्यंत पाणी वाहू द्यायचे, मग नमुना. हापशावरही तसेच. नळाचे पाणी थेट जलवाहिनीवरून, घरच्या टाकीतून नाही. सोलापुरात दोन पाणीपुरवठ्यांमधल्या दिवसांत टाकीतले पाणी उन्हात जड होत राहते. तलावाचे काठावरून घेऊ नये. काठाला पाणी उथळ असते, आधी तेच तापते आणि उडते.

३ जून

मानक पाणी. मूळ मानके आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची, व्हिएन्नाहून येणारी: व्हीस्मो २ (डेल्टा-डी शून्य) आणि स्लॅप २ (उणे ४२७.५‰). ती छोट्या कुप्यांत येतात आणि रोज वापरण्याइतकी नसतात. रोजच्यासाठी आपली कार्य-मानके हवीत, एक जड आणि एक हलके, आणि नमुने त्या दोघांच्या मध्ये पडायला हवेत.

सोलापुरात जड मानक करणे सोपे: उजनीचे पाणी गाळून पसरट ट्रेमध्ये गच्चीवर ठेवले की मे महिना उरलेले काम करतो. मग ते पुन्हा गाळून, मोठ्या भांड्यात नीट ढवळून, लहान काचेच्या कुप्यांत भरून ज्योतीवर वितळवून बंद केले. कुपी बंद करताना पाणी काचेच्या तापलेल्या टोकाला लागू नये. मानेला चिकटलेला थेंब आधी खाली पाडावा.

हलके मानक इथे तयार होत नाही. उकळून पहिली वाफ गोळा करावी तर १०० अंशांना फरक फक्त २८‰ च्या आसपास. त्यासाठी हिमालयातल्या उंचावरच्या बर्फाचे पाणी आणून त्याच रीतीने कुप्या भरल्या. हे दोन्ही व्हीस्मो २ आणि स्लॅप २ यांच्याविरुद्ध मोजल्याशिवाय त्यांच्या कुपीवर आकडा लिहायचा नाही.

१२ जून

कामाची क्रमवार पद्धत, जशी आता ठरली आहे:

पात्रात २५० मिलिग्रॅम जस्त. लाइनला जोडून पंप चालू, खालचा भाग ३०० अंशांना अर्धा तास. याने जस्तावरचा ओलावा आणि काचेला चिकटलेले पाणी जाते. मानेला आणि लाइनच्या सांध्यांना हीट गन फिरवायची, नाहीतर इथले पाणी तिथे जाऊन बसते. पात्र थंड झाले की कोरड्या नायट्रोजनने भरायचे.

सिरिंजने ५ मायक्रोलिटर. नमुन्याच्या पाण्याने सिरिंज आधी निदान सहा वेळा भरून टाकून द्यायची. सुईच्या टोकाला लोंबणारा थेंब राहू द्यायचा नाही. सुई टिपकागदाला लावायची आणि लगेच सेप्टममधून (सुई टोचता येणाऱ्या रबरी चकतीतून) आत.

पात्राचा तळ द्रव नायट्रोजनमध्ये. पाणी गोठायला पाच मिनिटे पुरतात, पण दहा थांबायचे, कारण मानेवर बसलेली वाफ खाली यायला वेळ लागतो. मग नायट्रोजन वायू पंपाने काढायचा. सुरुवातीला झडप हळू उघडायची. झटक्याने उघडली तर वेगवान वायू बर्फाचे कण उडवून नेतो. दाब तळाला गेला की स्टॉपकॉक बंद.

पात्र भट्टीत, ५०० अंश, ३० मिनिटे. खालचे दोन तृतीयांश आत. मान बाहेर राहते आणि तिथेच पहिली अडचण येते: थंड मानेवर पाणी साचते, जस्तापर्यंत पोचतच नाही. मानेभोवती तापणारी पट्टी गुंडाळून ती ११० अंशांना ठेवली. टेफ्लॉनला एवढी उष्णता चालते. भट्टी ५०० च्या वर जाऊ द्यायची नाही. बोरोसिलिकेटचा ताण-बिंदू ५१० अंशांच्या आसपास आहे, त्यापुढे निर्वातातली काच आत खचू लागते. म्हणून थर्मोकपल भट्टीच्या भिंतीला न लावता पात्राशेजारी.

१९ जून

पूर्ण अभिक्रिया झाली की नाही, हे ओळखायचे दोन मार्ग. पहिला: ज्ञात आकारमानात वायू सोडून दाब पाहायचा आणि अपेक्षित मायक्रोमोलशी ताळा घ्यायचा. ९७ ते १०३ टक्क्यांच्या आत असेल तर स्वीकारायचा. सिरिंजचीच चूक एक-दोन टक्के असते, त्याहून घट्ट अट लावण्यात अर्थ नाही. दुसरा मार्ग जास्त पारखी: पात्राला द्रव नायट्रोजनचा सापळा लावून दाब पुन्हा बघायचा. हायड्रोजन गोठत नाही, पाणी गोठते. तापमानाच्या हिशेबाबाहेर दाब पडला तर न फुटलेले पाणी आत आहे.

हा दाब पिरानी गेजने मोजू नये. पिरानी वायूच्या उष्णतावहनावर चालते, त्यावरचे आकडे नायट्रोजनसाठी असतात, आणि हायड्रोजन उष्णता फार वाहतो. त्यामुळे दाब खोटाच जास्त दिसतो. कॅपॅसिटन्स मॅनोमीटर वायू कोणता हे पाहत नाही. तोच वापरायचा.

२ जुलै

हवा बदलली. मे महिन्यात सुईवरचा थेंब उडत होता, आता उलट: लाइन उघडली की भिंतीवर ओलावा बसतो. रिकामे पात्र, म्हणजे जस्त घालून पण पाणी न घालता, सगळ्या पायऱ्यांतून नेले की जो वायू निघतो तो कोरी पार्श्वभूमी. तो नमुन्याच्या वायूच्या १ टक्क्यापेक्षा कमी हवा. पावसाळ्यात ३०० अंशांची भाजणी अर्ध्या तासाऐवजी एक तास. धुतलेले जस्त डेसिकेटरमध्येच, आणि सिलिका जेल निळ्याचे गुलाबी व्हायच्या आत बदलायचे.

११ जुलै

पावसाचा नमुना गोळा करणे. साध्या बाटलीत फनेल ठेवून दिवसभर सोडले तर पाणी उडते. बाटलीच्या तळापर्यंत जाणारी बारीक नळी फनेलला जोडली आणि दाबासाठी दुसरी लांब बारीक नळी बाहेर काढली, की हवेशी संपर्क फक्त नळीपुरता राहतो. काही जण पाण्यावर अर्धा सेंटिमीटर पॅराफिन तेल ठेवतात. चालते, पण आपल्या पद्धतीत नको: तेल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन, सुईतून तेलाचा अंशही गेला तर तापून आपलाच हायड्रोजन मिसळतो. तेलाचा नमुना आलाच तर विभाजन-नरसाळ्यातून खालचे पाणी घ्यायचे आणि शेवटचे काही मिलिलिटर सोडून द्यायचे.

२५ जुलै

खारट बोअर. बेसॉल्टमधल्या काही बोअरना इतका क्षार आहे की भट्टीत जस्तावर पांढरा थर धरतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्लोराइड स्फटिकात पाणी धरून ठेवतात, ते सहजी सुटत नाही, आणि जस्ताचा पृष्ठभागही झाकला जातो. म्हणून अशा पाण्याचे आधी निर्वातात ऊर्ध्वपातन.

या ऊर्ध्वपातनात घाई करणारा फसतो. पाणी ‘बहुतेक’ आले की थांबावेसे वाटते. २५ अंशांच्या समतोलाने हिशेब केला: मागे फक्त २ टक्के पाणी राहिले तर ते इतके जड झालेले असते की गोळा झालेले पाणी खऱ्यापेक्षा सुमारे ७‰ हलके निघते. तापमान वाढवले तर ही चूक कमी होते, पण जात नाही. क्षार कोरडे पडले असे वाटल्यावरही भांडे १५० अंशांना तासभर ठेवायचे आणि आधी-नंतर वजन करायचे. मिळालेले पाणी मूळ पाण्याच्या ९९.५ टक्क्यांहून कमी असेल तर ते पुढे नेत नाही. गोळा करणारी नळी द्रव नायट्रोजनमध्ये हवी. बर्फ-मीठ पुरत नाही, वाफेचा काही भाग निसटतो. निसटणाराही हलकाच असतो, पण मागे राहिलेला जड भाग तो भरून काढत नाही; दोन चुकांची वजाबाकी होईल अशी आशा धरू नये.

५ ऑगस्ट

साखर कारखान्याजवळच्या एका विहिरीचे पाणी. आंबूस वास. आसवनीचे सांडपाणी मुरले असण्याची शक्यता. अल्कोहोल आणि सेंद्रिय पदार्थ जस्तावर नीट फुटत नाहीत आणि त्यांचा हायड्रोजन पाण्याचा नसतो. सक्रिय कोळशातून गाळून वास जातो, पण कोळसा स्वतः पाणी धरतो, म्हणून कोळसा थोडा आणि पाणी भरपूर घ्यायचे. वास गेला म्हणजे अल्कोहोल गेले असे नाही. हा नमुना वेगळा ठेवला, निकालाच्या तक्त्यात येणार नाही.

२० ऑगस्ट

पाठवणी. हायड्रोजन टेफ्लॉनमधून आणि रबरी वळ्यातून हळूहळू पाझरतो, हलका रेणू किंचित वेगाने. भरल्यापासून आठवड्याच्या आत मोजणी झालीच पाहिजे. स्टॉपकॉक घट्ट करताना हाताने बेताचा जोर. फार आवळला तर टेफ्लॉन कायमचे दबते. पात्रांच्या यादीत प्रत्येक खेपेला दोन्ही कार्य-मानके सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, आणि काही नमुने दुसऱ्या क्रमांकाखाली पुन्हा. मोजणाऱ्याला ते कळू नये.

मोजणाऱ्यांसाठी चिठ्ठी: त्या दिवसाचा एच-३ गुणांक कळवावा. आयनस्रोतात हायड्रोजनच्या रेणूवर आयन आदळून तीन अणूंचा आयन तयार होतो, तो वस्तुमान ३ वर एचडीच्या (एक साधा, एक जड हायड्रोजन असलेल्या रेणूच्या) जोडीला मोजला जातो आणि दाबाबरोबर वाढतो. नमुना आणि संदर्भ-वायू यांचा दाब जुळवला तर ही दुरुस्ती लहान राहते. म्हणून पाचाऐवजी तीन मायक्रोलिटर घातलेले पात्र कधी पाठवायचे नाही.

१४ सप्टेंबर

आकड्यांची सरळ मांडणी. दोन मानकांवरून रेष ओढायची. समजा जड मानकाचे ठरलेले मूल्य ० पण मोजलेले १.५, आणि हलक्याचे ठरलेले उणे ४२७.५ पण मोजलेले उणे ४१८ (ही संख्या फक्त पद्धत दाखवायला). ताण-गुणक ४२७.५ भागिले ४१९.५, म्हणजे १.०१९. मोजलेला नमुना उणे २० असेल तर त्यातून १.५ वजा करून गुणले की उणे २१.९. फक्त शून्याची दुरुस्ती करणारे आणि ताण न लावणारे तक्ते जुन्या अहवालांत दिसतात. त्यांतले हलके नमुने तेवढे चुकीचे.

ऑक्सिजनचे आकडे (डेल्टा-ऑक्सिजन-१८, जड ऑक्सिजनचे तसेच माप) दुसरीकडून आले की १९६१ साली क्रेगने मांडलेल्या जागतिक पावसाच्या रेषेवर (डेल्टा-डी म्हणजे डेल्टा-ऑक्सिजन-१८ च्या आठपट अधिक १०) ठेवायचे. उडालेले पाणी या रेषेखाली, साधारण ४ ते ६ च्या उतारावर सरकते. तलावाचे नमुने तिथेच अपेक्षित. पण बोअरचा नमुना तिथे पडला तर पुनर्भरण तलावातून झाले असे लगेच म्हणू नये. आधी त्या बाटलीचे वजन पाहावे. ड्यूटेरियम-आधिक्याचा (डेल्टा-डी वजा डेल्टा-ऑक्सिजन-१८ ची आठपट) आकडा काढताना डेल्टा-डीची चूक १‰ आणि ऑक्सिजनची ०.१‰ धरली तर आधिक्यावर १.३‰ ची चूक येते. दशांशाला अर्थ नाही, पूर्णांक लिहावा.

३ ऑक्टोबर

परतीच्या पावसाचे नमुने आले. वर्षातला मोठा पाऊस इथे सप्टेंबरात पडतो, त्यामुळे पुनर्भरणाच्या हिशेबात या बाटल्यांचा वाटा जूनच्या बाटल्यांपेक्षा मोठा. महिन्याची सरासरी काढताना प्रत्येक पावसाचे डेल्टा-डी त्याच्या मिलिमीटरने गुणून बेरीज करायची; साधी सरासरी घेतली तर दोन मिलिमीटरच्या उडालेल्या सरी साऱ्या महिन्याला जड करतात.

९ ऑक्टोबर

जुना जस्ताचा लॉट संपत आला. नवा डबा आला आहे. त्यातली एक मूठ धुऊन, दोन्ही कार्य-मानकांवर, जुन्या जस्ताच्या पात्रांशेजारी त्याच भट्टीत. जड मानकाचा आकडा जुळला आणि हलक्याचाही जुळला तरच डब्यावर तारीख घालायची. नुसता वायू पुरेसा निघाला एवढ्यावर पास करायचे नाही.